झऱ्याजवळची खूण

हुंबरवाडीच्या देवराईत वहाणा घालून कुणी जात नाही. त्यामुळे राईच्या कडेला, अंजनीच्या झुडपाखाली एक कोल्हापुरी जोड दिसला तेव्हा त्रिशलाला वाटलं, आत कुणीतरी आहे. तिनं आपले बूट काढून त्या जोडाशेजारी ठेवले आणि आतला माणूस बाहेर येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली. धुकं इतकं दाट होतं की झाडं दिसतच नव्हती, नुसती ऐकू येत होती. वरच्या पानावरचा थेंब खालच्या पानावर, तिथून आणखी खालच्या. बराच वेळ गेला. मग तिनं वाकून पाहिलं. वहाणांच्या अंगठ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि टाचेच्या खोलगट जागी साठलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली होती.

त्रिशला मगदूम सरकारी भूकरमापक होती. गावोगावी लोक तिला मोजणीच्या मॅडम म्हणत. तिचं माहेर गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाला लागून. तिथं माळावर उभं राहिलं की पलीकडच्या तीन गावांतल्या जैन बस्तींची शिखरं दिसायची. गगनबावड्याला बदली होऊन तिला दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत तिनं खोलीसमोरचा डोंगर एकदाही पाहिला नव्हता. अंथरूण ओलसर, कपडे ओलसर, काडेपेटीतल्या काड्याही ओलसर. झोप लागायची ती अर्धी, जाग यायची तीही अर्धीच. चालता चालता तिला वाटायचं, आपण अजून उठलेलोच नाही; खोलीत निजलोय आणि हे सगळं मिटल्या डोळ्यांआड चाललंय.

मोजणीचा अर्ज हंबीररावांचा होता. राईच्या पूर्वेला त्यांची नऊ एकर पड जमीन होती. कोल्हापुरातला उदयसिंह नावाचा एक हॉटेलवाला ती विकत घेऊन तिथं लाकडी घरं बांधणार होता. शहरातल्या लोकांनी चार दिवस धुक्यात राहायला यावं, असा त्याचा बेत. व्यवहाराआधी त्याला हद्द कायम करून हवी होती. राई गावाच्या देवीची, आणि तिची वहिवाट बाळासो गुरवाकडं. लगतचा वहिवाटदार म्हणून त्याला मोजणीची नोटीस गेली होती. ती सहीशिवाय परत आली होती.

हंबीरराव छत्री आणि पहार घेऊन धुक्यातून पुढं आले. साठीतला, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. चालताना गुडघा धरत होता. त्रिशलाचा मदतनीस तापानं पडलाय हे कळल्यावर, फीत धरायला मी आहे की, असं ते आपणहून म्हणाले. तिनं बाळासोचं विचारलं. तो दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला तुळजापूरला जातो, पंधरा-पंधरा दिवस येत नाही आणि फोन बाळगत नाही, असं त्यांनी सांगितलं. यंदा तर आपणच त्याला एस्टीत बसवून दिला.

वहाणा तर इथंच आहेत, त्रिशला म्हणाली.

अनवाणी जायचा नवस होता, हंबीरराव म्हणाले.

"नवस हुता तर घरातनंच अनवाणी गेला असता की," मागून बाईचा आवाज आला. "राईच्या कडंला येऊन वहाणा कशाला काढंल?"

डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेली एक म्हातारी तिथं उभी होती. ती धोंडुबाई, बाळासोची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडंच राहत होती. ती हंबीररावांकडं बघत नव्हती, त्रिशलाशीच बोलत होती. हंबीरराव फीत उलगडायला लागले. आत गेलेला माणूस बाहेर आल्याबिगर त्याच्या वहाणा हलवायच्या नसतात, असं धोंडुबाईनं त्रिशलाला सांगितलं. बाळासो आत गेल्याला अकरा दिवस झाले होते.

त्रिशलानं उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राचा एक भाग वर सड्यावर, उघड्या कातळावर उभा केला आणि दुसरा काठीसारखा हातात धरून ती राईच्या कडेनं फिरू लागली. कातळाच्या भेगांत शेवटची निळी फुलं उरली होती. राईत शिरलं की आभाळ मिटायचं आणि यंत्र मुकं व्हायचं. मग मोकळ्या जागेपासून फितीनं मोजावं लागायचं. गारंबीच्या मांडीएवढ्या वेली धुक्यातून निघून धुक्यातच जात होत्या. वर कुठंतरी एक धनेश पंख हाणत गेला, कुणी मोठी चादर झटकावी तसा आवाज झाला. आणि सगळीकडून झरा ऐकू येत होता. पायांखालून, झाडांच्या खोडांतून, कधी आपल्याच कानांतून वाजतोय असा. हा झरा मे महिन्यातही आटत नाही, खालच्या चार वाड्या याच्यावर जगतात, धोंडुबाई म्हणाली. ती तिघांच्या मागून चालल्यासारखी चालत होती, म्हणजे या दोघांच्या मागं थोडं अंतर सोडून, मधल्या कुणाला तरी वाट ठेवून.

पूर्वेच्या हद्दीचा दगड झऱ्याच्या अलीकडं उभा होता. त्या दगडाच्या हिशेबानं झरा हंबीररावांच्या जमिनीत जात होता. जुना जांभ्याचा दगड, कमरेएवढा, शेवाळानं हिरवागार. पण शेवाळ मातीपर्यंत पोचत नव्हतं. खाली वीतभर पट्टा तांबडा आणि कोरा होता. किती तरी वर्षं मातीत पुरलेला भाग आता मातीच्या वर दिसत होता. त्रिशलानं त्या पट्ट्यावर हात ठेवला. बाजूला हंबीरराव छत्री मिटत होते आणि उघडत होते. तिनं फोटो काढले आणि वहीत नोंद केली.

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या मोजणीचं टिपण काढून आपली मोजणी त्यावर बसवली. टिपणात झरा राईच्या आत होता आणि दगड झऱ्याच्या पलीकडं, आज उभा होता तिथून बत्तीस मीटरवर. साहेबांना तिनं दाखवलं. त्यांनी मूळ जागा शोधून तिथं खुंटी मारून यायला सांगितलं, पुढची कारवाई आपण करू म्हणाले.

संध्याकाळी तिनं वडलांना फोन केला. नेमगोंडा मगदूम हयातभर शेती केलेला माणूस. त्यांच्या चुलत भावानं वीस वर्षं त्यांचा बांध कोरला होता, दरसाल एकच तास, नांगराची एकच रेघ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की ज्याच्या राखणीतला दगड हलला तो काय म्हणतो. तो गावात नाही, त्रिशला म्हणाली. मग ते म्हणाले, "तंगी, उद्या एकटी जाऊ नको."

घरात लाडानं तिला ते तंगी म्हणायचे, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. तिनं हो म्हटलं. पण सकाळी मदतनीसाचा ताप उतरलेला नव्हता, आणि दगड उदयसिंहाच्या माणसांनी हलवला असणार, त्यात हंबीररावांचं काय, असं तिला वाटत होतं. ती सकाळच्या एस्टीनं हुंबरवाडीला उतरली. तिनं आदल्या दिवशी कळवलं होतं, तसे हंबीरराव फाट्यावरच उभे होते. हातात पहार होती. खुंटी मारायला लागंल, म्हणाले.

त्या दिवशी धुकं जमिनीला टेकलं होतं. यंत्रावर तिनं टिपणातला बिंदू भरला. पडद्यावर एक बाण उमटला आणि खाली अंतर. झऱ्याच्या पलीकडं एक जुनं झाड मुळापासून आडवं पडलं होतं, त्यामुळं तिथं आभाळाला भोक पडलं होतं आणि यंत्र बोलत होतं. एकवीस मीटर. सतरा. हंबीरराव पुढं चालत होते, वाटेतली काटेरी फांदी पहारीनं बाजूला करून देत होते. बारा मीटरवर ते तिच्या बरोबरीला आले. आठ मीटरवर ते मागं पडले. पाच मीटरवर तिच्या ध्यानात आलं, की मागची पावलं थांबलीत.

तिनं वळून पाहिलं नाही. कशासाठी वळायचं तेही तिला नीट कळत नव्हतं. स्वप्नात पाय आपले आपण चालतात तशी ती चालत राहिली. तीन मीटर. एक. समोर नेच्यांचा एक चौकोन होता, हिरव्या रानात तेवढाच पिवळट पडलेला. दुसरीकडून उपटून आणून लावलेले नेचे जीव धरत नव्हते. यंत्रावर वीस सेंटिमीटर दिसलं तेव्हा तिचा अनवाणी पाय त्या मातीत घोट्यापर्यंत गेला. माती मऊ होती आणि आजूबाजूच्या मातीपेक्षा उबदार वाटली. एक माणूस आडवा मावेल एवढाच तो चौकोन होता.

झरा वाजत होता. तिला एवढंच सुचलं, की आपण खाली बघतोय हे त्याला दिसायला नको. ती पडद्याकडं बघत राहिली. इथं सिग्नल मिळत नाही, उद्या बघू, असं म्हणायचं तिनं ठरवलं.

"मॅडम," हंबीरराव मागून म्हणाले, "बाण कुठं दावतोय?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती वळली. ते दहा पावलांवर उभे होते, पहार दोन्ही हातांत आडवी धरलेली. बाहेर जायची वाट त्यांच्या पाठीमागं होती. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. खूप दिवस न झोपलेल्या माणसाचा होता, आणि तो चेहरा ती रोज सकाळी आपल्या आरशात बघत होती.

"इथंच दावतोय," ती म्हणाली.

हंबीरराव आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर बसले आणि पहार त्यांनी मांडीवर ठेवली. मशीन खोटं बोलत न्हाय तर, असं काहीसं पुटपुटले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. विचारायची गरज पडली नाही.

पाणी नसेल तर ही जमीन घेऊन मी काय करू, असं उदयसिंह म्हणाला होता. झरा हद्दीत आला तरच व्यवहार. त्यानं दोन माणसं पाठवली. दाट धुक्याचा दिवस बघून सकाळीच त्यांनी दगड मोकळा केला. नेमका बाळासो पूजेला आत आलेला. त्यानं बघितलं आणि तो ओरडला नाही, भांडला नाही. येऊन खाली बसला आणि त्यानं दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. हल म्हटलं तरी हलेना. उठेल आपोआप, असं समजून त्या दोघांनी पलीकडून पहारी घातल्या. दगड त्याच्या छातीवर गेला. दोघं पळाले. हंबीररावांनी एकट्यानं तो दगड बाजूला काढला. कसा निघाला ते त्यांना आजही माहीत नव्हतं.

बाळासो जिवंत होता. हंबीरराव रेंज मिळावी म्हणून सड्यावर गेले आणि त्यांनी फोन केला तो उदयसिंहाला. गाडी पाठवतो, तोवर कुणाला सांगू नका, असं तो म्हणाला. हंबीरराव परत येऊन बाळासोजवळ बसले. गाव पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. सूर्य दिसत नव्हता त्यामुळं वेळ कळत नव्हती. गाडी आली नाही. दुपार झाली असावी तेव्हा बाळासोचा श्वास थांबला. दगडाचा खड्डा उघडाच होता. तो त्यांनी वाढवला. रात्री ती दोन माणसं परत आली आणि पहारींनी ढकलत नेऊन दगड झऱ्याच्या अलीकडं उभा करून गेली.

"गावात का गेला नाही?" त्रिशलानं विचारलं.

"कोरडं अंथरूण पायजे हुतं, मॅडम." ते पहारीच्या टोकाकडं बघत होते. "चाळीस वर्सं वल्यात निजतोय. कोल्हापुरात लेकीच्या शेजारी एक खोली घ्यायची हुती. उन्हाची. गावात गेलो असतो तर ती गेली असती. थांबलो. थांबलो न् दोन्ही गेलं."

धुक्यात कुणीतरी हललं. झऱ्याच्या बाजूनं धोंडुबाई आली. ती केव्हापासून तिथं होती कुणास ठाऊक. सकाळपासून ती त्यांच्या आवाजाच्या अंतरावर चालत होती, हे तिनं नंतर सांगितलं. ती रडली नाही. पिवळ्या नेच्यांच्या चौकोनापाशी आली, खाली बसली आणि तिनं मातीवर तळवा टेकला, ताप बघतात तसा.

"पाणी मागितलं त्येनं?" तिनं विचारलं.

"मागितलं."

"दिलंस?"

"दिलं. झऱ्याचं. वंजळीनं."

"काय बोलला?"

"दगड सरळ कर म्हनला."

धोंडुबाई उठली. त्यांच्या मांडीवरची पहार तिनं हळूच उचलली आणि आपल्या पाठीमागं मातीत उभी केली. त्यांनी ती घेऊ दिली. मग तिनं त्रिशलाला सांगितलं, की सड्यावर जा आणि पोलिसांना फोन कर. मी इथं बसते. त्रिशला तिला एकटीला सोडायला तयार नव्हती.

"जा, पोरी," धोंडुबाई म्हणाली. "त्यो आता कुठं जात न्हाय."

सड्यावर जायची वाट त्रिशलाला आठवत नाही. एवढं आठवतं, की यंत्रात तो बिंदू साठवताना नावाच्या जागी तिनं 'बाळासो' असं लिहिलं होतं. फोन तिनं तीन वेळा केला, कारण पहिल्या दोन वेळा पलीकडच्या माणसाला आपण जे बोललो ते खरंच मोठ्यानं बोललो का, याची तिला खात्री वाटेना. पोलिसांची गाडी यायला दोन तास लागले. ती त्यांना घेऊन आत आली तेव्हा ती दोघं होती तशीच बसलेली होती. चौकोनाच्या एका बाजूला हंबीरराव, दुसऱ्या बाजूला धोंडुबाई. शेजारच्या घरी बसायला आलेली माणसं बोलणं संपल्यावर बसून राहतात तशी.

तहसीलदारांसमोर माती काढली. दुसऱ्या दिवशी राईच्या कडेच्या वहाणा धोंडुबाईनं स्वतः उचलल्या आणि अंत्यविधीला त्या बाळासोबरोबर दिल्या. ती दोन माणसं चार दिवसांत सापडली. उदयसिंहाचं म्हणणं असं, की आपण फक्त स्वच्छ हद्द मागितली होती, बाकी आपल्याला काही ठाऊक नाही. पण त्या सकाळी सड्यावरून त्याला झालेला फोन नोंदीत होता, त्यानंतर लगेच त्यानं त्या दोन माणसांना केलेला फोनही होता, आणि रुग्णवाहिकेला केलेला एकही फोन नव्हता. त्याला अटक झाली. पुढं जामीन मिळाला. खटला अजून उभा आहे. मोठा वकील दिलाय, असं लोक सांगतात. हंबीररावांनी सगळं कबूल केलं आणि जामीन मागितला नाही. त्यांची लेक दोनदा धोंडुबाईला भेटायला आली. पहिल्या वेळी धोंडुबाईनं दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी उघडलं.

त्रिशलाच्या घरी वडलांनी बदलीसाठी अर्ज कर म्हणून दोन-तीनदा सुचवलं. तिनं केला नाही. का, ते तिला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मात्र तिला झोप नीट लागायला लागली होती, आणि याची तिला थोडी लाजही वाटायची.

जानेवारीत दगड मूळ जागी बसवायचा दिवस ठरला. खालच्या चारही वाड्यांतून माणसं आली. सहा जणांनी दगड उचलला. तांबडा पट्टा पूर्ण मातीत जाईपर्यंत खड्डा खोल केला. त्रिशलानं यंत्र लावून बघितलं, दोन बोटं उत्तरेला सरकवायला लावलं. मग नकाशावर सह्या झाल्या. वहिवाटदार म्हणून धोंडुबाईनं अंगठा उठवला. राई पुढं तिनंच सांभाळायची, असं गावानं बसून ठरवलं होतं. बाईमाणसानं देवीची पूजा करायची का, यावर थोडी बोलाचाली झाली होती. देवी बाईच हाय की, असं एका म्हाताऱ्यानं म्हटल्यावर ती मिटली.

माणसं पांगल्यावर धोंडुबाई म्हणाली, चल, वरनं बघू. दोघी सड्यावर चढल्या. धुकं कुठंच नव्हतं. कातळ वाळून काळा पडला होता, गवत पिवळं झालं होतं, आणि डोंगरामागं डोंगर कोकणापर्यंत उघडे पडले होते. त्रिशलानं खाली बघितलं आणि तिला आधी राई सापडेचना. ती दूरवर शोधत होती. धोंडुबाईनं बोट दाखवलं तेव्हा दिसली. पिवळ्या उतारावर एक हिरवा ठिपका, एवढीशी. धुक्यात चालताना ती कधी संपतच नव्हती.

"एवढीच?" त्रिशला म्हणाली.

"एवढीच," धोंडुबाई म्हणाली. तिनं पदरात बांधून आणलेली भाकरी मोडली आणि अर्धी त्रिशलाच्या हातावर ठेवली. खाता खाता ती एकेक वाडी दाखवत होती, कुठल्या घरात किती गुरं, कुणाच्या दारात नळ आलाय, कुणाच्या नाही. ओढ्याची रेघ राईतून निघून त्या घरांपर्यंत जाताना उन्हात मधे मधे चमकत होती. एका वाडीपाशी बायका धुणं धूत होत्या. इतक्या वरून त्यांचा आवाज येत नव्हता. नुसते हात वर जाताना दिसत होते आणि खाली येताना दिसत होते.